खुराड्याभोवतीचे सौर दिवे: उजेड नेमका कोणाला दाखवायचा?

सौर दिवा विकत आणण्याआधी चुलीतली बादलीभर राख चाळून घ्या. संध्याकाळी ती खुराड्याच्या दारासमोर आणि कुंपणाचा गडगा जिथे ढासळला आहे तिथे हातभर रुंद पसरा. सकाळी केर काढण्याआधी जाऊन बघा. असं चार-पाच दिवस करा. रात्री कोण येतं, कुठून येतं आणि कुठून परत जातं हे कळल्याशिवाय लावलेला दिवा म्हणजे पैशांची नासाडी आहे, हे मी स्वतःच्या पैशांनी शिकले आहे.

आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, केरीच्या बाजूला. घरामागे पोफळी-माडांचं कुळागर (बागायत), पुढे भाजीचा लहानसा मळा आणि तीसेक गावठी कोंबड्या. कुळागर संपलं की रान, आणि रान चढत चोर्ला घाटाकडे जातं. म्हादई अभयारण्य जवळ असल्यामुळे जनावरं येणारच. त्यांना मारणं हा उपाय नाही. जानेवारी 2020 मध्ये याच तालुक्यात गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. आमच्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. फास, विष, घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणं हे सगळं गुन्हा तर आहेच, शिवाय अशा तारांना चिकटून माणसंही जातात. म्हणून मी दिव्यांकडे वळले.

आधी चोर ओळखा

मांजराच्या कुळातल्या जनावराच्या ठशात नखं उमटत नाहीत. कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या ठशात उमटतात. कांडेचोर म्हणजे झाडावर चढणारं, उदमांजरासारखं जनावर. त्याचा ठसा लहान आणि पाच बोटांचा असतो. ठशाच्या जोडीला मेलेली कोंबडीही बघा. मुंडकं आणि मान खाऊन बाकीचं धड तिथेच टाकलेलं असेल, एकाच रात्री दोन-तीन मारलेल्या असतील, तर बहुतेक उदमांजर किंवा कांडेचोर. कोंबडी अख्खी गायब आणि पिसांची रेघ रानाकडे गेलेली, तर कोल्हा, नाहीतर गावातलाच भटका कुत्रा. पीस नाही, रक्त नाही, कोंबडी मात्र नाही, असं असेल तर खुराड्याच्या कोपऱ्यात आधी काठीने चाचपा. अजगर पोट भरून तिथेच वेटोळं घालून पडलेला असू शकतो.

मुंगूस दिवसाढवळ्या येतं, त्यामुळे त्याच्यापुढे दिव्याचा काही उपयोग नाही. सापांच्या बाबतीत तर दिवा उलटा पडतो. रात्रभर एका जागी जळणाऱ्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, त्यांच्यामागे साप. खुराड्याच्या दारावर कायम जळणारा पांढरा बल्ब लावणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि दहांतली आठ माणसं तीच करतात.

मळ्यात माती नांगरल्यासारखी उकरलेली, सुरण-रताळी उपटलेली, केळ आडवी केलेली दिसली तर रानडुकरं. माडाच्या रोपाचा बुंधा कुरतडलेला आणि आसपास काळा-पांढरा काटा पडलेला असेल तर साळिंदर. पेरू-चिकू अर्धवट खाऊन खाली टाकलेले असतील तर वटवाघळं. त्यांच्यासाठी दिवे नकोत, फळांवर पिशव्या बांधा.

दिवा काय करतो

पहिल्या वर्षी मी खुराड्याच्या छपराला झगझगीत सौर दिवा लावला. अंगण दिवसासारखं उजळलं. शेजारचे आजोबा गडग्यावरून बघत होते. म्हणाले, "बाय, हो उजवाड कोणाक दाखयता गो?" तेव्हा मला प्रश्न समजला नाही. दहाव्या रात्री दोन कोंबड्या गेल्या तेव्हा समजला. मी उजेड कोंबड्यांवर पाडला होता. जनावर बाहेर अंधारात उभं राहून सगळं स्वच्छ बघत होतं.

रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. टॉर्चमध्ये डोळे चमकतात ते त्याच्यामुळे. कमी उजेडात बघायला त्याचा फायदा होतो, पण समोरून अचानक तिरीप आली की जनावराला पलीकडचं काही नीट दिसत नाही आणि कोणीतरी जागं आहे असं वाटतं. म्हणून दिव्याचं तोंड बाहेर, जनावराच्या वाटेकडे हवं, आणि उजेड थांबून थांबून, जागा बदलून यायला हवा.

केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या शाळकरी मुलाने हीच गोष्ट सिंहांच्या बाबतीत हेरली. एका जागी जळणारा दिवा चालला नाही, बुजगावणं चाललं नाही. तो स्वतः टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरला त्या रात्री मात्र सिंह आले नाहीत. मग त्याने सौर पॅनल, गाडीची जुनी बॅटरी आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा जोडून आळीपाळीने लुकलुकणारे दिवे केले. आमच्याकडे देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, रात्रीचा गावाची हद्द फिरतो असं मानतात. राखण करणारा बसून राहत नाही, फिरत राहतो, ही समज आपल्याकडे जुनीच आहे.

पण दिव्याची मर्यादाही जाणून घ्या. चिलीच्या डोंगराळ भागात लामा-अल्पाका या पाळीव जनावरांच्या कळपांभोवती असेच अनियमित चमकणारे दिवे लावून अभ्यास झाला आणि 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्यूमा हे मांजरकुळातलं मोठं जनावर दूर राहिलं. तिथल्या खोकडांवर मात्र दिव्यांचा फरक पडला नाही. माझा अनुभवही तसाच आहे. मांजरकुळातली जनावरं बिचकतात, कोल्हा चार दिवस लांबून निरखतो आणि मग पुढे येतो. कोल्ह्यासाठी दिव्यावर विसंबू नका, जाळीवर विसंबा.

म्हणून पहिलं काम खुराड्याचं

अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी घ्या. षटकोनी भोकांची जी पातळ जाळी 'कोंबडीची जाळी' म्हणून मिळते ती कोंबड्यांना आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. जाळी जमिनीपाशी संपवू नका. एक फूट बाहेरच्या बाजूला आडवी वळवून वर चिरे किंवा माती टाका, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंजाखाली ती येते. दाराला नुसती खिटी नको, कडी लावून तिच्यात आकडा अडकवा. छपरावर लोंबणाऱ्या फणसाच्या, आंब्याच्या फांद्या छाटा, कारण कांडेचोर जमिनीवरून कमी आणि वरून जास्त येतो. नुस्त्याची (मासळीची) घाण, कोंबडी कापल्यावरची पिसं-आतडी परसात उघडी टाकू नका, खोल पुरा. काजूच्या हंगामात बोंडं झाडाखाली सडू देऊ नका. रात्री खुराड्यात खाद्य ठेवलं की उंदीर येतात आणि उंदरांमागून सगळेच.

हे सगळं करून मगच दिव्यांना हात घाला.

कोणता दिवा घ्यावा

बाजारात दिसणारे जमिनीत खोचायचे शोभेचे सौर दिवे या कामाचे नाहीत. उपयोगाचे दोन प्रकार आहेत.

एक, लुकलुकणारा लहान दिवा. यातही ठरावीक ठेक्याने चमकणाऱ्यापेक्षा अनियमित चमकणारा बरा. लाल दिवा 'जनावराच्या डोळ्यासारखा' दिसतो म्हणून खपवतात. पण कुत्रा-मांजर कुळातल्या जनावरांना लाल रंग फिकाच दिसतो. पांढरा किंवा निळसर उजेड त्यांना जास्त जाणवतो. माझ्याकडे दोन्ही रंग मिसळून आहेत, आणि मी नवीन घेताना पांढराच घेते.

दुसरा, हालचालीवर पेटणारा सेन्सरचा दिवा. त्यातला सेन्सर अंगाची उष्णता सरकताना टिपतो. या एका गोष्टीवरून चार गोष्टी निघतात. एप्रिल-मेच्या उकाड्याच्या रात्री जनावराचं अंग आणि हवा यांच्यातला फरक कमी होतो, त्यामुळे सेन्सर जवळूनच ओळखतो. खोक्यावर आठ मीटर लिहिलं असेल तर पाच धरा. सेन्सरच्या समोरून आडवं जाणारं जनावर लगेच टिपलं जातं, सरळ त्याच्याकडे येणारं उशिरा. म्हणून दिवा वाटेच्या बाजूला लावा, वाटेच्या टोकाला नको. थंड रक्ताचा साप त्याला दिसतो असं धरून चालू नका. आणि समोर केळीचं पान हलत असेल तर दिवा रात्रभर उगाच पेटत राहील.

दोन्ही प्रकारांत आयपी65 किंवा आयपी67 लिहिलेलं बघून घ्या. 65 म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. 67 म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. आपल्या पावसात 67 घेतलेला बरा.

बॅटरीचा हिशेब

इथे थोडं थांबा, कारण जुलैमध्ये दिवे बंद पडतात आणि लोक 'सोलर आपल्याकडे चालत नाही' म्हणून ते माळ्यावर टाकतात.

समजा दिव्याला 2 वॉटचं पॅनल आहे. उन्हाळ्यात पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला पाच तास धरलं तर 10 वॉट-तास होतात. बॅटरी भरताना-सोडताना, धुळीत, उष्णतेत जातं ते वजा करून हाती 6 राहतात. भर पावसात तेच ऊन अडीच तासांवर येतं, म्हणजे हाती 3.

आता खर्च. लुकलुकणारा दिवा सरासरी 0.05 वॉट खातो. बारा तासांचे 0.6 वॉट-तास. तो पावसाळाही काढतो. सेन्सरचा दिवा पेटल्यावर 5 वॉट घेत असेल, एका वेळी 30 सेकंद जळत असेल आणि रात्रीतून 40 वेळा पेटला, तर एकूण 20 मिनिटं, म्हणजे साधारण 1.7 वॉट-तास. हेही परवडतं. पण बहुतेक दिव्यांत एक मंद जळत राहायची सोय असते, हालचाल झाली की तो प्रखर होतो. ती मंद ज्योत 0.3 वॉट जरी धरली तरी बारा तासांत 3.6 वॉट-तास जातात. प्रखर उजेडाच्या दुपटीहून जास्त, आणि काम काहीच नाही. उलट जनावराला त्या दिव्याची सवय होते. म्हणून बटण दाबून पूर्ण अंधार, हालचाल झाली तरच उजेड, या पद्धतीवर दिवा ठेवा. एवढ्या एका बदलाने माझे दोन दिवे आषाढात तगले.

बॅटरी 3.7 व्होल्टची, 2000 एमएएचची लिथियम असेल तर तिच्यात 7.4 वॉट-तास मावतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची मिळाली तर घ्या. ती गरमीत जास्त वर्षं टिकते. स्वस्त दिव्यांत 1.2 व्होल्टचे सेल असतात, ते दोन पावसाळ्यांत बसतात, पण बदलता येतात.

आमच्या कुळागरांत खरी अडचण सावलीची आहे. पोफळीखाली पॅनलला ऊन मिळतच नाही. म्हणून पॅनल वेगळं आणि दिवा वेगळा, मध्ये पाच मीटर वायर, अशी जोडी मागा. पॅनल मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) कौलांवर किंवा उघड्यावरच्या खांबावर, दिवा खाली झाडीत. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार 15 ते 20 अंश. गोवा 15 ते 16 अक्षांशांत असल्यामुळे मे-जुलैत सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच जातो, तेव्हा जास्त तिरपं करून फायदा नाही. पाणी आणि पालापाचोळा ओघळण्यापुरता उतार पुरे.

लावण्याचा क्रम

दिवा आणला की आधी दोन दिवस कडक उन्हात ठेवा. बऱ्याच दिव्यांचं बटण रबराच्या टोपणाखाली असतं आणि ते चालू केल्याशिवाय बॅटरी भरतच नाही. मग हाताने पॅनल झाकून दिवा पेटतो का बघा.

राखेने दाखवलेली वाट आठवा. खुराड्यासाठी चार लुकलुकते दिवे पुरतात: चार बाजूंना, खुराड्यापासून तीन-चार मीटर पुढे, सगळ्यांची तोंडं बाहेर. एक सेन्सरचा दिवा मुख्य वाटेच्या बाजूला. उजेड खुराड्याच्या आत जाता कामा नये. कोंबड्यांना अंधारात जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्या शांत बसतात. मध्येच उजेड आला की दांडीवरून खाली उतरतात, चोची मारतात, नेमक्या जाळीजवळ जातात. अंडी वाढावीत म्हणून देतात तो 14 ते 16 तासांचा उजेड वेगळा. तो ठरावीक वेळेचा आणि मंद असतो, त्याची इथे गल्लत करू नका. लावून झाल्यावर खुराड्याचं दार लावून आत बसा आणि बघा. डोळ्यात दिवा येत असेल तर तो फिरवा.

उंची जनावराच्या डोळ्याची. कोल्ह्यासाठी जमिनीपासून 40 सेंटिमीटर, रानडुक्कर आणि बिबट्यासाठी 60 ते 70. कांडेचोरासाठी एक दिवा छपराच्या कडेला, झाडाच्या दिशेने. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर लावलेला दिवा जनावराच्या पाठीवरून जातो.

मळ्याला चहूबाजूंनी दिवे लावायची गरज नसते. एक हजार चौरस मीटरच्या चौकोनी तुकड्याचा परिघ साधारण 126 मीटर होतो. दर 12 मीटरला एक म्हटलं तरी दहा-अकरा दिवे लागतील. त्यापेक्षा डुकरं जिथून शिरतात त्या दोन-तीन खिंडींवर प्रत्येकी दोन दिवे, वेगवेगळ्या उंचीवर लावा. डुकरांचा त्रास मोठा असेल तर सौर कुंपणाचा विचार करा. ते बॅटरीवर, क्षणभराच्या झटक्याने चालतं; घरच्या विजेच्या तारेशी त्याचा संबंध नाही. कृषी खात्याच्या मदतीबद्दल आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा.

खांबासाठी बांबू वाळवीने जातो, लोखंडी पाइप घ्या. दिवा तारेने आवळून बांधा, नाहीतर दिवसा खेती (माकडं) येऊन तो उपटून नेतात. व्हरांड्यातल्या बल्बचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पॅनलवर पडत असेल तर दिव्याला रात्र झाली हे कळतच नाही आणि तो पेटत नाही. माझा एक दिवा महिनाभर असा मुका होता.

सवय मोडत राहा

हे केलं नाही तर वरचं सगळं वाया. जनावराला दिवा ओळखीचा झाला की तो दगड-धोंड्यांसारखा होतो. आमच्याकडे एका जागचा दिवा साधारण तीन आठवडे चालला. म्हणून दर चार-पाच दिवसांनी दिव्यांची जागा बदला, उंची बदला, एखाद्याचं तोंड फिरवा. मध्येच दोन रात्री सगळे बंद ठेवा. हे काम आमची मुलगी करते आणि वहीत लिहून ठेवते. वर्षभर दिवे लावून ठेवू नका. भात पोटरीत आलं की कापणीपर्यंत, कोंबडी पिल्लं घेऊन फिरते तेव्हा, काजू पडायला लागतो तेव्हा, अशा गरजेच्या आठवड्यांतच लावा.

कुठे लावू नयेत

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांजवळ राहणाऱ्यांनी समुद्राच्या दिशेने एकही दिवा लावू नये. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळूतून बाहेर पडलेली पिल्लं उजेडाकडे वळून समुद्राची वाट चुकतात. रस्त्याच्या वळणावर लुकलुकता दिवा नको. दुचाकीवाल्याच्या डोळ्यात गेला तर अपघात होईल. शेजारच्या घरात झटके येणारं कोणी असेल तर त्यांच्या खिडकीकडे तोंड करू नका. जूनच्या पहिल्या पावसात काजवे येतात तेव्हा ओढ्याकाठचे दिवे मी आठ-दहा दिवस काढूनच ठेवते. काजवे एकमेकांना उजेडानेच हाक मारतात.

गवा वाटेवर असेल तर त्याच्या अगदी तोंडासमोर दिवा पेटेल असं करू नका. बिथरला तर माणसावर येतो. तिळारीच्या बाजूने पेडण्यात कधी हत्ती उतरतात, तिथे दिव्यांचा प्रयोगच नको, वन खात्याला कळवा. बिबट्याचे ठसे दिसले तर कुत्रा रात्री घरात घ्या, पहाटे परसात एकट्याने जाऊ नका, मुलांना तर नाहीच, आणि त्याच दिवशी वनरक्षकाला सांगा. सेन्सरचा दिवा पेटला म्हणून काठी घेऊन बाहेर धावू नका. खिडकीतून बघा.

पावसाआधी आणि पावसानंतर

मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक दिवा उघडा. आत मुंग्यांनी घर केलेलं असतंच. रबरी कड फाटली असेल तर सिलिकॉन लावा, पण तळाचं लहान भोक बुजवू नका. आत साचलेली ओल तिथूनच बाहेर पडते. बॅटरी फुगलेली दिसली तर ती लगेच काढा, चुलीत किंवा कचऱ्याच्या खड्ड्यात टाकू नका, पंचायतीच्या ई-कचऱ्यात द्या. पॅनलवर पावसात शेवाळ आणि उन्हाळ्यात रस्त्याची तांबडी धूळ बसते. दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पुसा, राखेने किंवा काथ्याने घासू नका, ओरखडे पडतात. किनाऱ्याजवळ मिठाचा थर चढतो, तिथे आठवड्याला पुसा.

जे दिवे काढून ठेवायचे ते पूर्ण भरून, बटण बंद करून, कोरड्या जागी ठेवा आणि दोन महिन्यांनी एकदा उन्हात भरा. आमचे दिवे धान्याच्या पत्र्याच्या डब्यात असतात. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की ते बाहेर काढते, दोन दिवस अंगणात उन्हात ठेवते, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा राख चाळायला घेते, कारण गेल्या वर्षीची वाट या वर्षी तीच असेल असं नाही.